हौसेचे धरण

शनिवारी सकाळी सुरतेतून गाड्या बाहेर पडतात. काही डुमसला जातात, काही सापुताऱ्याचा घाट धरतात, तर काही मांडवी-मांगरोळच्या बाजूला कुणा ओळखीच्याच्या फार्महाउसकडे वळतात. फार्महाउसला हल्ली तळे लागतेच. ओढ्याला आडवी मातीची पाळ, काठाला एक होडी, पाण्यात सोडलेले रोहू-कटला, आणि पाळीवर चहा घेत उभा असलेला पाहुणा. तो हमखास म्हणतो, ‘‘छोटंसंच आहे, पण झकास आहे.’’ झकास आहे याबद्दल वाद नाही. ‘छोटंसंच’ या शब्दाबद्दल मात्र आहे.

त्या एका शब्दात तीन समजुती दडलेल्या असतात. धरण लहान म्हणजे धोका लहान. धरण खासगी म्हणजे प्रश्न ज्याचा त्याचा. आणि धरण मौजेसाठी म्हणजे ते निरुपद्रवीच. तिन्ही समजुती उथळ आहेत, पण सर्वांत फसवी तिसरी. माझे म्हणणे असे, की मौजेसाठी राखलेले मातीचे धरण हे त्याच मापाच्या शेतीच्या धरणापेक्षा जास्त धोक्याचे असते. माती दोन्हीकडे तीच, मुरूम तोच. फरक हेतूचा आहे, आणि हेतू हळूहळू पाळीत उतरतो.

१. उंची कुणाची मोजायची?

सुरतकर पुराचा विचार करतो तो तापीवरच्या उकाई धरणाच्या मापाने. त्यात त्याची चूक नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. तेव्हापासून पावसाळ्यात ‘उकाईतून किती सोडलं?’ हा इथला कुशलप्रश्न झाला आहे. पण लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत, जिथे खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात, तिथे घरात शिरणारे पाणी पुष्कळदा तापीचे नसतेच. ते मीठी खाडीचे असते. बारडोली, पलसाणा, कामरेजकडच्या शिवारांतून ओढ्यानाल्यांनी उतरलेले. मोठ्या धरणाकडे टक लावून बसलेल्या शहराला मागच्या दाराने आलेले पाणी दिसत नाही.

आता लहान तळ्याचा हिशेब मांडू. एक हेक्टर पसारा, सरासरी तीन मीटर खोली. पाहुण्याच्या भाषेत ‘छोटंसंच’. पाणी झाले तीस हजार घनमीटर, म्हणजे तीस हजार टन. दहा हजार लिटरचे तीन हजार टँकर. मातीची पाळ एकदा फुटली की भगदाड मिनिटामिनिटाला रुंदावते. हे पाणी पंधरा मिनिटांत बाहेर पडले असे धरले, तर सेकंदाला तेहतीस टन. ज्या ओढ्यात एरवी गुडघाभर पाणी असते, त्या ओढ्यातून.

कायदा हा हिशेब करत नाही. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेला धरण सुरक्षा कायदा धरणाची उंची विचारतो. पंधरा मीटरपेक्षा उंच असेल तर ते कायद्याच्या कक्षेत आले. दहा ते पंधरा मीटर असेल तर जोडीला आणखी एखादी अट हवी: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान दोन हजार घनमीटर, किंवा पाया विशेष अवघड, नाहीतर रचना असामान्य. दहा मीटरच्या आतले धरण या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. कक्षेत येणाऱ्या धरणांचीच संख्या सहा हजारांवर आहे आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातली. तेव्हा कुठेतरी रेघ ओढावी लागणार, हे मान्य. पण ती ओढली आहे भिंतीच्या उंचीवर. भिंतीखाली कोण झोपते यावर नाही.

ही रेघ एका घडलेल्या प्रसंगावर ठेवून पाहू. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचे केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. ते आधी विजेसाठी वापरले जाई. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि पुढे वीस वर्षे ते राहिले फक्त सहलीचे तळे. उंची सुमारे बारा मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात, ते फुटले तेव्हा त्यात पावणेआठ लाख घनमीटरच्या घरात पाणी होते. खाली महाविद्यालयाचा परिसर होता, वसतिगृह आणि कुटुंबांची घरे होती. ३९ माणसे गेली. आता ही मापे आपल्या कायद्याला लावा. पंधरा मीटरपेक्षा उंच नाही. पाचशे मीटर लांब नाही. साठा दहा लाखांच्या आत. पाया अवघड होता किंवा रचना असामान्य होती असे कुणी सिद्ध केले तरच गोष्ट वेगळी. नाहीतर एकोणचाळीस माणसांचा जीव घेणारे ते धरण आपल्याकडे नोंदवहीत चढलेच नसते.

२. हेतू पाळीत कसा उतरतो

शेतीचे तळे वर्षातून एकदा रिकामे होते. पाणी पिकाला दिले जाते, मार्च-एप्रिलमध्ये तळ दिसतो, गाळ निघतो. त्या दोन महिन्यांत पाळीची आतली बाजू उघडी पडते: कुठे पिचिंगचे दगड घसरले, कुठे घुशीने किंवा खेकड्याने बीळ केले, कुठे भेग पडली, सगळे डोळ्यांना दिसते. शिवाय जूनचा पहिला मोठा पाऊस रिकाम्या पोटात जातो.

मौजेच्या तळ्याचे उलटे. तिथे पाणी कमी होणे हाच दोष. होडी तळाला टेकते, चिखलाचा वास येतो, फोटो बिघडतो. म्हणून तळे बारमाही तुडुंब ठेवायचे, लागले तर बोअरचे पाणी सोडून. परिणामी पाळीची आतली बाजू वर्षानुवर्षे कुणी पाहतच नाही, आणि पावसाळ्याच्या पहिल्या रात्रीला सामावून घ्यायला वीतभरही जागा नसते. यातला तांत्रिक भाग इतकाच, की मातीचे धरण मुख्यतः दोन प्रकारे जाते: वरून पाणी ओसंडून माथा धुपतो, किंवा आतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर माती वाहून जात नळी पडते. भरलेपणाने दोन्ही शक्यता वाढतात.

पुढचा बदल सांडव्याचा. सांडवा म्हणजे धरणाचे तोंड. जास्तीचे पाणी तिथून निमूट निघून जावे यासाठी ठेवलेली वाट. शेतकऱ्याला ती मोकळी हवी असते. हौशी मालकाला तिथून मासे निसटताना दिसतात. मग तो जाळी लावतो. जाळीत पाने, फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, आणि ऐन पुरात सांडव्याचा बांध होतो. माथ्यावरून गाडी जावी म्हणून माथा सपाट करून थोडा खाली घेतला जातो. पाळीवर सावलीला झाडे लावली जातात. त्यांची मुळे भरावात शिरतात, आणि झाड वाळले की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. तळाशी पाणी सोडायचा पाइप असलाच तर तो कधीचा गंजून बसलेला.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. पेन्सिल्व्हेनियातले साउथ फोर्क धरण मुळात सरकारने कालव्याच्या पाण्यासाठी बांधले होते. कालव्याची गरज संपली, धरण विकले गेले. मधल्या एका मालकाने तळाचे ओतीव लोखंडी पाइप काढून भंगारात घातले. १८७९ नंतर ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी-शिकार क्लबाकडे आले. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद. क्लबाने पाइप परत बसवले नाहीत, बग्ग्यांसाठी माथा खाली घेतला, माशांसाठी सांडव्यावर जाळ्या लावल्या. यातले एकेक काम सुटे पाहिले तर किरकोळ आहे. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन या पोलादनगरीत व वाटेवरच्या वस्त्यांत २,२०९ माणसे मेली. ते धरण बावीस मीटर उंच होते, लहान नव्हे. पण ज्या तीन गोष्टींनी त्याचा घात केला, त्या तिन्ही आज कुठल्याही वीकेंड होमच्या तळ्यावर दिसतील.

शेवटची गोष्ट माणसाची. शेताच्या धरणावर मालक किंवा गडी रोज असतो. मौजेच्या धरणावर शनिवार-रविवारी. भर पावसात रस्ते खराब म्हणून तोही येत नाही. राखणदाराचे काम गेट उघडणे आणि गवत कापणे; पाळीच्या पायथ्याशी पाणी गढूळ येऊ लागले तर त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. अर्थ असा: पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी झिरपणे हे मातीच्या धरणाच्या अंगचेच आहे. तेच पाणी ग्लासात धरल्यावर तळाला माती बसू लागली, तर धरण आतून रिकामे होते आहे.

३. बोडी टिकली, ती का

इथे कुणी म्हणेल, हा तर खासगी मालकीवरचा राग आहे. नाही. मराठी मुलखात खासगी मातीच्या धरणांची परंपरा शतकांची आहे आणि ती अभिमानाने सांगावी अशी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत, कोहळी समाजाच्या कसबी हातांनी उभे राहिलेले. मालकी मालगुजाराची, त्याहून लहान, शेतकऱ्याची स्वतःची ती बोडी. पाणी सोडायचे ते तुडूम, जास्तीचे पाणी जाते तो सलंग. ही जिवंत शब्दसंपत्ती सांगते, की धरणाचा एकेक अवयव वापरात होता. ज्याला नाव नसते ते गंजते.

हे तलाव टिकले ते मालगुजार पुण्यवान होते म्हणून नव्हे. पाळीच्या खाली धानाची शेते होती आणि त्या शेतांवर त्याचे उत्पन्न होते. पाळ फुटली तर आधी त्याचाच धान वाहून जाणार. खालच्या कुळालाही पाणी हवे होते, म्हणून पाळीवर त्याचीही नजर. वरचा आणि खालचा एकाच पाण्याला बांधलेले होते. १९५० च्या मध्य प्रदेशातील मालकीहक्क निर्मूलन कायद्याने (विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता) हे तलाव सरकारकडे गेले आणि ते ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. त्यानंतर त्यांची जी हेळसांड झाली, ती पाहता मालकी सरकारी झाल्याने पाळ सुरक्षित होते असे म्हणायची माझी तरी छाती नाही.

सुरतेचेही उदाहरण आहे. सौराष्ट्रातून येऊन इथे हिऱ्यांत पैसा कमावलेल्या मंडळींनी गावाकडे पाणी अडवायला तो परत नेला. मथुरभाई सवाणींचा सौराष्ट्र जलधारा ट्रस्ट, सवजीभाई ढोलकियांनी अमरेली जिल्ह्यात केलेली सरोवरे. दोघांनाही पद्मश्री मिळाली ती उगाच नव्हे. पैसा खासगीच. पण पाणी कुणासाठी, तर खालच्या विहिरींसाठी. चेकडॅमची तर रचनाच वरून पाणी वाहून जाईल अशी असते.

मौजेच्या तळ्यात हा धागा तुटतो. खालच्या पाड्याला त्या तळ्याचे पाणी मिळत नाही. उलट, ओढा अडल्यामुळे जानेवारीतच त्याचा झरा आटतो. त्याला मिळतो तो फक्त धोका. मालकाचे घर बहुधा पाळीच्या वर, देखाव्याच्या बाजूला. पाळ फुटली तर त्याचे तळे जाते. खालच्याचे घर जाते. मालकी खासगी असणे हा प्रश्न नाही. नफा एका उंचीवर आणि नुकसान दुसऱ्या उंचीवर, हा आहे.

४. न्यायालयांना हेतूचा हा फरक दीडशे वर्षांपूर्वी कळला होता

१८६० मध्ये इंग्लंडात एका गिरणीमालकाच्या नव्या तलावाचे पाणी जुन्या खाणमार्गांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर नावाने गाजलेल्या या खटल्यात १८६८ मध्ये अंतिम निकाल लागला: सुटून गेली तर घात करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून ठेवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवायची. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही.

मग हाच नियम हिंदुस्थानात लावून पाहिला गेला. मद्रास इलाख्यातील कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव मोठ्या पावसात फुटले आणि रेल्वेमार्ग वाहून गेला. मद्रास रेल्वे कंपनीने रायलँड्सचा दाखला देत भरपाई मागितली. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती नाकारली. कारण मोलाचे आहे. हे तलाव म्हणजे देशाच्या सिंचनव्यवस्थेचा भाग. ते पिढ्यान् पिढ्या चालत आले. ते राखणे हे जमीनदाराचे लोकांप्रती कर्तव्य. तो ते बुजवून टाकू शकत नाही. म्हणून निष्काळजीपणा दिसला तरच तो जबाबदार. म्हणजे जमीनदाराला जे कवच मिळाले ते तलावाच्या हेतूमुळे मिळाले. याची दुसरी बाजू निकालात लिहिलेली नसली तरी तर्काला सुटत नाही: ज्या तलावामागे लोकांप्रती काही कर्तव्य नाही, जो उद्या बुजवला तरी मालकाच्या हौसेशिवाय कुणाचे काही जात नाही, त्याला हे कवच कशाच्या जोरावर?

यावर मालकाचा वकील १८७६ चा निकोल्स विरुद्ध मार्सलँड काढील. इंग्लंडात एका बाईने नैसर्गिक ओढा अडवून शोभेची तळी केली होती. जून १८७२ च्या विलक्षण पावसात त्यांच्या पाळी फुटल्या आणि खालचे चार सार्वजनिक पूल वाहून गेले. न्यायालय म्हणाले, ही ईश्वरी करणी. बाई जबाबदार नाही. हौशी धरणवाल्यांना याहून लाडका निकाल मिळणार नाही. पण १९१७ मध्ये स्कॉटलंडातल्या ग्रीनॉकचे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आले. तिथल्या नगरपालिकेने मुलांना डुंबायला तळे करण्यासाठी ओढ्याचा मार्ग बदलला होता. अतिवृष्टीत ते पाणी रेल्वेच्या हद्दीत घुसले. या वेळी न्यायमूर्तींनी ईश्वराला मध्ये येऊ दिले नाही. ओढ्याच्या वाटेत हात घालणाऱ्याने असामान्य पावसाचे पाणीही पूर्वीसारखेच निघून जाईल अशी सोय केलीच पाहिजे, असे ठरले, आणि मार्सलँडच्या निकालाबद्दल शंकाही व्यक्त झाली. लक्षात घ्या, हेतू पोरांच्या खेळाचा होता. तरीही सूट नाही.

ईश्वरी करणीचा बचाव आपल्या हवेत तर आणखी लंगडा. दक्षिण गुजरातेत उमरपाड्यासारख्या तालुक्यात, किंवा आपल्याकडे मुळशी-मावळात, एका दिवसात दहा इंच पाऊस हे आश्चर्य नाही. जो पाऊस दर काही वर्षांनी येतो तो देवाच्या खात्यावर टाकता येत नाही.

५. आक्षेप

पहिला आक्षेप वजनदार आहे: फुटतात ती सरकारी धरणे. पानशेत १२ जुलै १९६१. मोरबीचे मच्छू-२, ११ ऑगस्ट १९७९, ज्यात हजारो गेले. चिपळूणजवळचे तिवरे, २ जुलै २०१९ ची रात्र. तिवऱ्यात तर गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, आणि वीसहून अधिक माणसे गेल्यावर मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. सरकार राखणदार म्हणून नापास आहे, मान्य. पण तिवऱ्याच्या लोकांना अर्ज द्यायला एक कार्यालय होते, आणि तो अर्ज पुढे पुरावा झाला. फार्महाउसच्या पाळीखालच्या माणसाने गळती पाहिली तर तो कुणाच्या टेबलावर अर्ज ठेवणार? सरकारच्या नालायकीवरून खासगी मालकाची सुटका निघत नाही. उलट, अभियंत्यांचे खाते असूनही पाळ फुटते, तर जेसीबीवाल्याच्या अंदाजाने घातलेल्या पाळीबद्दल काय बोलावे?

दुसरा आक्षेप: परवाने आणले की टेबलाखालचे दर ठरतील. हा मला पहिल्यापेक्षा अधिक छळतो, कारण तो खरा आहे. कागदावरची तपासणी तपासणी नसण्यापेक्षाही वाईट. ती झोप लावते. म्हणून माझा भर परवान्यावर नाही, उघड नोंदीवर आणि थेट जबाबदारीवर आहे.

तिसरा: मौजेच्या पाण्यावर सुरक्षेचे नियम आहेतच की. आहेत, पण ते पाण्यात उतरणाऱ्यासाठी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर लाइफ जॅकेट आणि बोटीच्या क्षमतेची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण होडीतल्या पाहुण्याने तिकीट काढलेले असते, तो स्वतःहून आलेला असतो. पाळीखाली झोपलेल्याला कुणी विचारलेलेही नसते.

६. एवढे तरी

धरणांची प्रतवारी उंचीवरून न करता खालच्या वस्तीवरून करावी. तीन मीटरच्या पाळीखाली पाडा असेल तर ती पाळ बारा मीटरच्या ओसाड माळावरच्या धरणाच्या आधी तपासली जावी. ओढा अडवून केलेल्या प्रत्येक खासगी तळ्याची नोंद ग्रामपंचायतीत हवी, नकाशासह, आणि ती ग्रामसभेत वाचली जावी. तिथे खालचा माणूस बसलेला असतो. मौजेच्या तळ्याला पावसाळ्यापूर्वी पातळी उतरवणे सक्तीचे हवे, आणि ती उतरवता येईल असा चालता विमोचक, म्हणजे तळाशी पाणी सोडायचा पाइप. सांडव्यावर जाळी नको. भरपाईला विम्याची हमी हवी, म्हणजे पाळ पाहायला निदान विमा कंपनीचा माणूस तरी येईल. अमेरिकेत केली बार्न्सनंतर काही आठवड्यांतच अध्यक्ष कार्टर यांनी खासगी व इतर बिगर-संघीय धरणांची तपासणी सुरू करवली. आपण एकोणचाळीस माणसांची वाट पाहू नये.

आणि तुमचेच असे तळे असेल तर कायद्यासाठी थांबू नका. या मेअखेर पाळीवरून पाण्याकडे पाहणे सोडा आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरा. पायथ्याशी भर उन्हाळ्यात एखादा पट्टा हिरवागार दिसला तर तिथे थांबा. पाणी वाहत असेल तर ते काचेच्या ग्लासात घेऊन तासभर ठेवा. तळाला माती बसली, तर त्याच दिवशी पातळी उतरवायला लागा आणि अभियंत्याला बोलवा. मग ओढ्याच्या कडेने चालत जा, पहिले घर लागेपर्यंत, आणि त्या घरी तुमचा फोन नंबर देऊन या.